बाबांची यॉर्कटाउनची शरणागती

मी पंधरा वर्षांची झाले त्या वर्षी आमच्या घरात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध एप्रिलमध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही ते हरलो. हरणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. सगळ्या लढायांचं छापील वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं होतं आणि त्यात गाड्या कुठे लावायच्या आणि संडास कुठे आहे हेही दिलेलं होतं. शेवटची ओळ यॉर्कटाउनची होती, दुपारी दोन वाजता, पाऊस असला तरी. त्याच कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत आईने माझ्या दातांच्या डॉक्टरची वेळ लिहून ठेवली होती.

आम्ही तेव्हा जर्मनीत, एर्लांगेनमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि जिन्याला एका पायरीवरही धूळ नव्हती, कारण जिना पुसण्याची पाळी आठवड्याने आमच्याकडे येई आणि तळमजल्यावरच्या बाई ती झाल्यावर बोट फिरवून बघत. मी दीड वर्षाची असताना बाबांच्या पुण्यातल्या कंपनीने त्यांना सहा महिन्यांसाठी इथे पाठवलं होतं. ते सहा महिने चौदा वर्षं चालले. दवाखान्यातल्या एका मोठ्या यंत्रात माणसाला आडवं सरकवलं की बाहेरच्या पडद्यावर ज्या चौकटी उघडतात, त्यांतल्या एका चौकटीचं काम बाबांकडे होतं. चौकट चांगली चालत होती. ऑफिसातले लोक शुक्रवारी दुपारी बाबांना चांगल्या शनिवार-रविवारच्या शुभेच्छा देत, आणि मग सोमवारपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलत नसे. घरी येणारे जर्मन दोनच होते, एक धुराडं तपासणारा आणि एक हीटरचं मीटर वाचणारा. बाबा दोघांनाही चहा विचारत. दोघेही नको म्हणत. मीटरवाला एकदा जरा घुटमळला होता, त्याची आठवण बाबा पुढे दोन-तीन वर्षं काढत.

आता मागे वळून बघताना हे मला लख्ख दिसतं की माझ्या बापाला त्या देशात एकही मित्र नव्हता. तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा मला वाटे, बाबा हे एक असं माणूस आहे की ज्याला मित्र लागत नाहीत, फक्त दुसऱ्याच्या चुका लागतात. शनिवार पेठेतला जन्म, त्यामुळे चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय घास उतरत नसे. सुपरमार्केटमध्ये टोमॅटोवर मूळ देशाचं नाव चुकीचं लागलं तरी ते मॅनेजरला बोलावत. जर्मन माणसाने जर्मन बोलताना चूक केली तर तीही दुरुस्त करत, आणि वर म्हणत, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

तर त्या वर्षी डॉक्टरांनी बाबांना चालायला सांगितलं आणि आईने बाहेर जायला सांगितलं. आई एका प्रयोगशाळेत संशोधक होती. आठवडाभर काचेच्या नळ्यांशी शांतपणे काम केल्यावर शनिवारी घरात बाबांचा आवाज तिला सोसत नसे. “अहो, इथे प्रत्येक माणूस कशाचा तरी सभासद असतो,” ती म्हणाली. “तुम्हीही व्हा. कशाचेही व्हा.” गावातल्या चौकात मार्चमध्ये सगळ्या मंडळांची जत्रा भरते, आणि ज्याला जे हवं त्या टेबलापाशी जाऊन नाव नोंदवायचं असतं. बाबा बुद्धिबळासाठी गेले होते. बुद्धिबळाची प्रतीक्षायादी दोन वर्षांची निघाली. शेजारच्या टेबलापाशी निळा लांब कोट आणि तीन टोकांची टोपी घातलेला एक साठीचा गृहस्थ एकटाच बसला होता, आणि त्याच्यासमोर रांग नव्हती.

हे हेर, म्हणजे श्रीयुत, बायरलाइन. आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली होती आणि निवृत्तीनंतर ते कॅप्टन झाले होते. आमच्या या भागातल्या, म्हणजे फ्रँकोनियातल्या, जुन्या राजाने आपल्या मुलखातली पोरं इंग्रजांना देऊन अमेरिकेच्या लढाईवर धाडली होती. त्या पलटणीचे कपडे शिवून, तिच्या लढाया उन्हाळ्यात मैदानांवर लोकांना करून दाखवायच्या, हे त्या मंडळाचं काम. बाबांनी त्यांना काय विचारलं ते मी शब्दशः सांगू शकते, कारण ते संभाषण पुढे आमच्याकडे जेवताना बरेचदा झालं.

“तुम्ही कोणाच्या बाजूने लढता?” बाबांनी विचारलं.

“इंग्रजांच्या,” बायरलाइन म्हणाले. “पण मनापासून नाही. आम्हाला राजाने भाड्याने दिलं होतं.”

“किती दिवसांसाठी?”

“काम संपेपर्यंत.”

“आणि परत आले?”

“बरेच आले. बरेच तिकडेच राहिले, तिथेच लग्नं केली.”

बाबा समोरच्या खुर्चीवर बसले. “म्हणजे ऑनसाइट,” ते म्हणाले. कंपनीने परदेशात कामाला पाठवलेल्या माणसांसाठीचा तो शब्द बायरलाइनना कळला नाही, पण त्यांनी मान डोलावली, आणि बाबांनी अर्ज भरायला घेतला. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं की आपण कशाचे तरी सभासद झालो आहोत. कशाचे ते कळल्यावर आईने गॅस बारीक केला आणि विचारलं, “बॅडमिंटन नव्हतं का?”

खरं तर सभासद अजून झाले नव्हते. एक वर्ष उमेदवारीचं होतं. सगळ्या लढाया नीट पार पाडायच्या, आणि शेवटी यॉर्कटाउन झाल्यावर सभा होऊन मतदान होणार, की या माणसाला पक्का सभासद करायचं की नाही. पक्क्या सभासदाला पितळी बिल्ला मिळे, आणि मुख्य म्हणजे हिवाळ्यातल्या गुरुवारी बायरलाइनच्या तळघरात बसायला बोलावणं येई. तिथे लढाया नसत. नुसते बसत, बियर पीत आणि गप्पा मारत. बाबा बियर पीत नव्हते. पण एप्रिलपासूनच ते “गुरुवारी” असं म्हणायला लागले होते, म्हणजे, गुरुवारी मला लवकर निघावं लागेल, पुढच्या हिवाळ्यात. आमच्या बाबांनी जर्मनीकडे चौदा वर्षांत व्हिसा सोडून काही मागितलं नव्हतं. त्यांना तो गुरुवार हवा होता.

मग घर त्या युद्धाने भरून गेलं. कोट हाताने शिवावा लागे. दिसणारी एकही शिवण मशीनची चालत नसे, आणि आईने सुईला हात लावायला स्वच्छ नकार दिला. बाबा रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जाड निळी लोकर पसरून बसत आणि लाल पट्ट्या टाचत. लोकर ओली झाली की तिला मेंढीचा वास येई, आणि तो वास फोडणीत, माझ्या दप्तरात, देवघरातल्या वस्त्रात सगळीकडे गेला. सुरुवातीला बाबांना बंदूक मिळणार होती. पण जुन्या ढोलवाल्याची पाठ गेली, आणि बाबांनी सांगून टाकलं की मी कॉलेजात असताना गणपतीच्या पथकात ताशा वाजवलेला आहे. बायरलाइन एकदम खूश झाले आणि म्हणाले, मग तर हे इतिहासालाही धरून आहे, कारण जर्मन पलटणींनी अमेरिकेत पळून आलेल्या आफ्रिकी गुलामांना ढोलवाले म्हणून घेतलं होतं.

“मी पुण्याचा आहे,” बाबा म्हणाले. “पुण्याचा माणूस त्या पलटणीत असल्याचा पुरावा आहे का?”

“नाही,” मंडळाचे भांडारप्रमुख हेर डॉट्स्लर म्हणाले. हे दातांच्या कवळ्या करणारे होते. एखादं बटण चुकलं की माणसाला रांगेतून बाहेर काढत. त्यांना बाबा पहिल्यापासून पसंत नव्हते. तसं ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत. फक्त ‘एकंदर चित्र’ असा शब्द वापरत.

“मग साठ वर्षांचा, हृदयात यंत्र बसवलेला कॅप्टन असल्याचा तरी पुरावा आहे का?” बाबांनी विचारलं. यावर सगळे हसले, बायरलाइन सगळ्यांत मोठ्याने. डॉट्स्लर हसले नाहीत, आणि बाबांना ढोल मिळाला.

घरात ढोल वाजवण्याची सोय नव्हती. दुपारी एक ते तीन शांततेची वेळ, रविवारी दिवसभर शांतता, आणि उरलेल्या वेळी तळमजल्यावरच्या बाई. त्यामुळे बाबा उशीवर वाजवत. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे उशीवरची ती बद्द बद्द, आणि मधून “छे, चुकलं” असा बाबांचाच शेरा. ताशाच्या हाताला घाई असते आणि जर्मन कूच संथ असते. सबंध मे महिना बाबांचे हात पुढे आणि पलटण मागे, असं चाललं. मग ते जमलं. आमच्या तीन उशा गेल्या.

जेवणाचाही प्रश्न होता. छावणीत त्या काळात नसलेला पदार्थ आणायला बंदी होती, आणि त्या काळात असलेल्या प्रत्येक पदार्थात डुक्कर होतं. बाबांना उकडलेले वाटाणे आणि पाव एवढंच उरलं. दोन लढाया त्यांनी तशा काढल्या. तिसऱ्या लढाईला त्यांनी आईकडून हिरव्या मिरचीचा ठेचा करून घेतला आणि एका मातीच्या बरणीत नेला. डॉट्स्लरनी बरणी जप्त केली. तेव्हा बाबांनी तीन पानी पत्र लिहिलं की मिरची मुळात अमेरिकेतलीच असून आपल्याकडे ती नंतर आली, तेव्हा अमेरिकेत लढणाऱ्या सैनिकाकडे मिरची असणं हे बटाटा असण्याइतकंच रास्त आहे, आणि बटाटा तर तुम्ही रोज खाता. सोबत संदर्भसूची जोडली. बरणी परत आली. पुढच्या छावणीत बायरलाइननी पावाबरोबर ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाले की यॉर्कटाउनला हा असता तर निकाल वेगळा लागला असता. हे वाक्य बाबांनी त्याच रात्री फोन करून पुण्यात माझ्या नानाकाकांना सांगितलं.

लढाया मला जेवताना कळल्या. इच्छा नव्हती, पण जेवण दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. बंकर हिलची टेकडी इंग्रजांनी घेतली, पण ती घेताना माणसं इतकी गमावली की टेकडी घेतली नसती तर बरं झालं असतं. ट्रेंटनला नाताळचा दुसरा दिवस होता, आणि बाबांच्या मते सगळा घोटाळा एवढाच झाला की सुट्टीत सपोर्टला माणसं कमी होती. साराटोगाला तीन फौजा तीन दिशांनी येऊन मध्ये भेटणार होत्या, त्यांतल्या दोन आल्याच नाहीत. “इंटिग्रेशन फसलं,” बाबा भातावर ताक ओतत म्हणत. आणि यॉर्कटाउनला समुद्रातून मदत यायची होती ती वेळेवर आली नाही, आणि शरण जायच्या दिवशी इंग्रज सेनापती आजारी असल्याचं कळवून स्वतः आलाच नाही, हाताखालच्याला पाठवलं. “पुढे त्यालाच आपल्याकडे बढतीवर पाठवला,” बाबा म्हणत, “सबंध हिंदुस्थानावर.”

“आमचे ट्रेंटनला नव्हते हां,” असंही ते म्हणत. “तिथे हेसनच्या राजाचे लोक होते. साराटोगालाही आमचे नव्हते.”

“तुमचे कोण?” आई विचारी.

मी या सगळ्यात जर्मनमध्ये एवढंच म्हणे की पापा, प्लीज, शाळेत कोणाला सांगू नकोस. वर्गात मी सांगितलं होतं की बाबा शनिवारी डोंगरात चालायला जातात. पंधराव्या वर्षी मला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती, की माझ्याकडे कोणी वळून बघू नये. बाकी मुलींचे बाप शनिवारी गाडी धूत. माझा बाप पांढरी विजार, गुडघ्यापर्यंत काळे पट्टे आणि तीन टोकांची टोपी घालून सायकलने स्टेशनवर जाई, आणि ढोल पाठीला बांधलेला असे. आज माझ्या ओळखीत कोणाचा बाप असं करताना दिसला तर मी त्याच्यामागे सायकल काढून जाईन. तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेत असे.

यॉर्कटाउनचा शनिवार दसऱ्याला आला. आईने सकाळी उठून पुरी आणि श्रीखंड केलं होतं. चक्का तिने दोन दिवस आधीच तिथल्या क्वार्क नावाच्या घट्ट दह्यामधून बांधून ठेवला होता. देवापुढे बाबांचा लॅपटॉप, आईची प्रयोगशाळेतली नळी, माझी कंपासपेटी आणि तो ढोल मांडला होता. ढोलाला तिने हळदकुंकू लावलं आणि बाल्कनीतल्या कुंडीतलं झेंडूचं फूल वर ठेवलं. “आज शस्त्रांची पूजा,” ती म्हणाली, “आणि तुम्ही ती टाकायला निघालात. सगळं जग सीमोल्लंघनाला जातं, आमच्याकडचे शरण जायला.”

“टाकायला नाही, नियमाप्रमाणे खाली ठेवायला,” बाबा म्हणाले. “संध्याकाळी सभा आहे. पेढे आणून ठेव.” एर्लांगेनमध्ये पेढे मिळत नाहीत हे त्यांना माहीत होतं. आईने दूध आटवायला ठेवलं.

मी बरोबर जायचं ठरलं होतं, कारण ढोल, रकसॅक आणि डबा एका माणसाला उचलणं अवघड होतं आणि आईला तापमान बदलू न देण्याचा कसलासा प्रयोग बघायला जायचं होतं. गाडीत मी एक बाक सोडून बसले. तिकीट तपासनीस आला तेव्हा बाबांनी काडतुसांच्या चामडी पिशवीतून तिकीट काढून दाखवलं. तो म्हणाला, “दोघांचं आहे, दुसरी व्यक्ती कुठे आहे?” बाबांनी माझ्याकडे बोट केलं, आणि सबंध डबा वळला.

मैदान एका जुन्या राजवाड्याच्या बागेत होतं. डॉट्स्लरनी पोचल्या पोचल्या ढोलावरचं हळदकुंकू पाहिलं आणि ओल्या फडक्याने पुसून टाकलं. मग त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की शरणागती हा सगळ्यांत गंभीर प्रसंग आहे, झेंडे गुंडाळलेले असतात, ढोलावर सगळी पलटण अवलंबून असते, आणि आज जे होईल त्यावर माझं मत ठरेल. बाबा म्हणाले, रास्त आहे. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. परीक्षेच्या आधी माझे पडत तसेच. मला तेव्हा त्यांचं वाईट वाटलं, आणि लगेच वाटलं की हे सगळं लवकर संपावं.

एका बाजूला फ्रेंच उभे होते, दुसऱ्या बाजूला अमेरिकन, आणि मधल्या वाटेने आमचे पंधरा जण चालत येणार होते. दोरीच्या अलीकडे चार-पाचशे लोक होते, हातात भाजलेले सॉसेज घेऊन. ढोल सुरू झाला. मी मान खाली घालून ऐकलं, आणि एकही ठोका चुकला नाही. संथ, जड, एकसारखा. मे महिन्यातल्या तीन उशांचं सार्थक झालं होतं. पलटण मधोमध आली, थांबली, आणि बाबांनी ठरल्याप्रमाणे पट्टा सोडून ढोल गवतावर ठेवला. मग मागे सरताना त्यांच्या बुटाचं टोक ढोलाला लागलं.

आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की मूल काय करतं ते कोणाला सांगायला नको. बाबा एकदम खाली वाकले, ढोलाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि तो दसरा होता म्हणून असेल, तिथेच दोन्ही हात जोडून क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. हे सगळं तीन सेकंदांत झालं असेल. तालमीत यातलं काहीच नव्हतं. पण मागे बायरलाइन होते, आणि त्या काळात असा चष्मा नव्हता म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवलेला होता. त्यांना एवढंच दिसलं की ढोलवाल्याने काहीतरी केलं, आणि सबंध वर्ष त्यांना शिकवलेलं होतं की ढोलवाला करेल तो हुकूम. त्यांनी तलवार गवतावर ठेवली, गुडघ्याला हात देत वाकले, तिला स्पर्श केला आणि बोटं कपाळाला लावली. त्यांच्यामागच्या माणसाने बंदूक ठेवून तेच केलं. मग त्याच्यामागच्याने. फ्रँकोनियाचे चौदा गृहस्थ, एक बसवाला, दोन सुतार, एक कवळीवाला, एकामागून एक शस्त्र खाली ठेवून त्याला नमस्कार करून बाजूला होत गेले. डॉट्स्लर शेवटून दुसरे होते. रांग मोडली असती तर चित्र बिघडलं असतं, म्हणून त्यांनीही केला.

सॉसेज खाणारे खायचे थांबले. माझ्या शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसले. फ्रेंचांमधला एक जण टोपी काढून उभा राहिला. स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर गवतावर पोटावर झोपून फोटो काढत होता. माझ्या मागच्या मुलाने विचारलं, “तो ढोलवाला तुझा कोणी आहे का?” मी म्हणाले, नाही. माझे कान इतके गरम झाले होते की मी ते केसांखाली लपवले. आज मला त्या दिवसाचा अभिमान वाटतो, पण हे आजचं झालं. त्या दिवशी मला फक्त सोमवार दिसत होता, वर्तमानपत्र दिसत होतं, आणि वर्गाच्या फळ्याशेजारी टाचलेला तो फोटो.

सभा चार वाजता बागेजवळच्या खानावळीच्या मागच्या खोलीत झाली. सगळे खुशीत होते. बायरलाइन म्हणाले की वीस वर्षांत अशी शरणागती झाली नाही. लोक विचारत होते, ही पद्धत कुठली. त्यावर डॉट्स्लर उभे राहिले. “पुरावा कुठला?” त्यांनी विचारलं. “कुठल्या रोजनिशीत आहे? कुठल्या पत्रात?”

बायरलाइन चाचरत म्हणाले, “अहो, एखाद्या सैनिकाने घरी लिहिलेलं असेलच की. श्रीधरने वाचलं असेल. हो ना, श्रीधर?” ते बाबांना सरळ सरळ मदतीचा हात देत होते. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

बाबा उभे राहिले. “पुरावा नाही,” ते म्हणाले. “माझा पाय लागला. आमच्याकडे पाय लागला की नमस्कार करतात. इतिहासात असं काही झालेलं नाही, ही माझी चूक आहे, आणि तिची नोंद करून घ्यावी.” आणि ते खाली बसले. स्वतःचीच चूक सापडलेले बाबा मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तीही त्यांनी दुसऱ्याच्या चुकीसारखीच सांगितली.

मग नियमावली वाचली गेली. उमेदवाराने सगळ्यांत पुढे, पाठ करून बसायचं, म्हणजे कोणी कसं मत दिलं हे त्याला दिसू नये. हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश हात वर हवेत. न उचललेला हात विरोधातच धरायचा. हजर मतदार अठरा, बायरलाइन म्हणाले, चौदा सैनिक, तीन बायका आणि श्रीधरची मुलगी. मी दचकले. बाबांनी मार्चमध्ये अर्ज भरताना कुटुंबीयांचा रकाना रिकामा सोडलेला नव्हता. आई आणि मी त्या पलटणीच्या निष्क्रिय सभासद होतो, आम्हाला उमेदवारी लागत नव्हती, आणि चौदा वर्षं पूर्ण झालेल्याला मत होतं. बारा हात हवे होते.

हात वर गेले. मी मोजले, सगळेच मोजत होते. अकरा. डॉट्स्लर हाताची घडी घालून बसले होते, आणखी पाच जण टेबलाकडे बघत होते. माझा उजवा हात जाकिटाच्या खिशात होता. बायरलाइननी माझ्याकडे पाहिलं आणि प्रेमाने भुवया उंचावल्या, म्हणजे, अगं, तुला कळलं नाही वाटतं. मला कळलं होतं. मला दिसत होता पुढचा एप्रिल, सायकल, ढोल, गाडीचा डबा, सगळ्यांच्या वळलेल्या माना, पुढचं वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष. समोर बाबांची पाठ होती. त्या निळ्या कोटावरची मधली शिवण जराशी वाकडी होती. मी हात खिशातच ठेवला. बायरलाइननी तीन माणसं पाणी पितील इतका वेळ वाट बघितली, घसा खाकरला, आणि मग आकडे मोठ्याने वाचले. उमेदवाराच्या मुलीने हात उचलला नाही, असंही वाचलं, कारण नात्यातल्या माणसाची तशी नोंद करावी लागते.

बाबा उठून उभे राहिले, त्यांनी ढोल डॉट्स्लरकडे परत दिला आणि सगळ्यांशी हात मिळवले. बायरलाइन त्यांचा हात सोडत नव्हते. परतीच्या गाडीत मी त्यांच्या समोर बसले. न्युर्नबेर्ग स्टेशन आलं. मग बाबा म्हणाले, “तू बरोबर केलंस, मैतू.”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“रक्ताच्या नात्यातल्या माणसाला मत देणं योग्य नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. डॉट्स्लरने सुद्धा मनात मानलं असेल.” त्यांनी चामडी पिशवीतून तिकीट काढून हातात धरलं. “मला सुचलं नव्हतं हे. तुला सुचलं.”

घरी आल्यावर आईने दार उघडलं आणि बाबांच्या पाठीवर ढोल नाही हे बघून तिला कळलं. तिने पेढ्यांचं ताट ओट्यावरून उचलून आत ठेवलं. बाबांनी टोपी काढून ठेवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसण्याआधी पुण्याला फोन लावला. “नाना, नाही झालं. एका मताने गेलं,” ते मोठ्याने सांगत होते. “अरे, पण ते सोड. ते मत कोणाचं होतं माहितेय का? आपल्या मैतूचं! पंधरा वर्षांची पोर, भर सभेत बापाला मत दिलं नाही. तत्त्व! कुठे शिकली कोण जाणे. नाही नाही, मी बोललो नव्हतो काहीच.” त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला, आणि शेवटी तर ते हसले. आई पोळी लाटता लाटता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती काही विचारेल असं मला वाटलं. तिने माझ्या ताटात पोळी वाढली.

त्या हिवाळ्यात गुरुवारी बाबा घरीच असत. ती गोष्ट मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितली. ऑफिसात, मीटर वाचायला आलेल्या माणसाला, माझ्या लग्नात सासऱ्यांना, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला. दर वेळी मी तिथे असले तर माझ्याकडे हात करून. मला लाज वाटली होती, बाबा, एवढंच होतं, हे वाक्य माझ्याकडे मराठीत आणि जर्मनमध्ये दोन्हीकडे तयार होतं आणि त्यासाठी वीस वर्षं होती. आता ते नाहीत. पुण्याला गेले की नात्यातलं कोणी ना कोणी अजून विचारतं, बापाला मत न देणारी ती तूच का गं? मी हो म्हणते.